लिफ्टच्या त्रेसष्ट लिंका

"त्यात काय आहे? एका संध्याकाळचं काम!" इमारतीच्या सभेत सर हे वाक्य बोलले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. कप हातात असला की सरांना जगातलं कुठलंही काम सोपं वाटतं. कप रिकामा होईपर्यंत सभेने टाळ्या वाजवून ते काम त्यांच्या गळ्यात घातलंही होतं.

सर शाळेत भूगोल शिकवतात. इमारतीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे सरच म्हणतात, आणि सरांना ते मनापासून आवडतं. इमारतीचे सेक्रेटरीही तेच. ज्या सभेत निवड झाली त्या सभेला ते नव्हते. जो गैरहजर असेल त्याला सेक्रेटरी करायचं, असा या इमारतीचा जुना शिरस्ता आहे, आणि तो सगळ्यांना माहीत असल्यामुळे एरवी सभेला हजेरी उत्तम असते. त्या दिवशी सरांना ताप होता.

काम लिफ्टचं होतं. लिफ्टला काही झालं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. मोटार नवी, दोर नवे, आतला आरसासुद्धा नवा. फक्त परवान्याची मुदत संपली होती, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाने दाराला तार गुंडाळून वर शिशाचं सील ठोकलं होतं. नवा परवाना हवा तर कागदांची फाइल चालणार नाही, असं कार्यालयाचं पत्र आलं. पत्रात म्हटलं होतं, "एकच तक्ता सादर करावा. त्यात त्रेसष्ट नोंदी असाव्यात आणि प्रत्येक नोंदीसमोर दाबताक्षणी संबंधित कागद उघडेल असा दुवा असावा." म्हणजे एक्सेलची शीट आणि तिच्यात लिंका. सभेत हे वाचून दाखवल्यावर सगळे छताकडे पाहू लागले, आणि तेवढ्यात सर ते वाक्य बोलून बसले.

पण सर नुसते मिरवायला बोलले नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. लिफ्टला सील लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सरांच्या आईला दवाखान्यातून घरी सोडलं. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन महिने पायरी म्हणून चढायची नाही. सरांचं घर पाचव्या मजल्यावर. तेव्हा आईला चार दिवसांसाठी म्हणून ताईकडे, तिच्या तळमजल्यावरच्या घरी नेलं. त्या चार दिवसांचे आता एकोणीस झाले होते. ताईच्या घरी ताईच्या सासूबाई होत्या, आणि दोघींना मिळून एक खोली होती. एकीला पंखा लागे, दुसरीला पंख्याचं वारं बाधे. ताई रोज सकाळी आठला फोन करायची.

"अरे, आज खिडकीवरून झालं. आई म्हणते उघडी ठेवा, सासूबाई म्हणतात बंद. मी अर्धी उघडली, तर दोघी माझ्याशी बोलत नाहीयेत. तू आईला कधी नेतोस?"

"या आठवड्यात, ताई. लिंकांचं काम काढलंय हातात."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालास. आई काल जेवताना म्हणाली, माझी खोली कुणाला भाड्याने दिलीय का विचार त्याला."

हे वाक्य सरांच्या फार जिव्हारी लागलं. रविवारी दुपारी ते बाह्या सरसावून बसले. शाळेचा स्कॅनर मागून आणला, त्रेसष्ट कागद यंत्रात घातले. त्याच यंत्रातून आईचे दवाखान्याचे कागदही काढून घेतले, कारण डॉक्टरांना पाठवायचे होते. मग शीट उघडली. डावीकडे नोंदी, उजवीकडे प्रत्येक नोंदीसमोर "येथे दाबा". लिंक निळ्या रंगात असते आणि तिच्याखाली रेघ असते, एवढं सरांनी पाहिलेलं होतं. आयुष्यभर नकाशातल्या नद्या निळ्या रंगवलेला माणूस तो. त्यांनी त्रेसष्ट वेळा "येथे दाबा" हे शब्द निळे केले आणि त्रेसष्ट वेळा खाली रेघ ओढली. सगळ्या ओळी एका मापात आल्या. बायकोला मोठ्या कौतुकाने बोलावलं.

"बघ. दाब कुठलीही."

बायकोने दाबलं. काही झालं नाही. सर म्हणाले, जरा जोर लाव. तिने जोर लावला. सर म्हणाले, तुझ्या बोटाला सवय नाही, सरक. मग त्यांनी स्वतः दाबलं, दोनदा, चारदा, शेवटी दात-ओठ खाऊन दाबलं. निळ्या ओळी जागच्या जागी सुंदर दिसत राहिल्या.

"अहो," बायको म्हणाली, "भिंतीवर नळाचं चित्र काढलं म्हणून त्याला पाणी येत नाही. आत काही जोडलंय का तुम्ही?"

"जोडायचं पण असतं का?" असं सर म्हणाले नाहीत. "तेच आता करणार होतो," असं म्हणाले. एक दुपार रंगकामात गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरांना बोलावलं. इंजिनिअर निवृत्त होते, उभा जन्म त्यांनी पूल बांधले होते, आणि कुठल्याही प्रश्नाकडे ते दोन्ही काठांवर उभे राहून पाहत. त्यांनी मात्र काम नेमकं सांगितलं. "शब्दावर जायचं, उंदराचं उजवं बटण दाबायचं, लिंक म्हणायचं, कागद दाखवायचा. हा काठ आणि तो काठ. मध्ये पूल. संपलं." सरांनी चार दिवस शाळेतून आल्यावर बसून त्रेसष्ट पूल बांधले. शुक्रवारी बायकोने पहिली ओळ दाबली आणि लिफ्टच्या मूळ नकाशाचा कागद धाडकन पडद्यावर आला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्यांना बोलावून पंधरा-वीस कागद उघडून दाखवले. शेजारच्यांनी तीन कागदांनंतर गॅसवर दूध असल्याची सबब सांगितली. शीट कार्यालयाला रवाना झाली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. "दुवे उघडत नाहीत."

सरांनी घरच्या यंत्रावर पुन्हा तपासलं. सगळे उघडत होते. त्यांनी कळवलं, "उघडतात." कार्यालयाने कळवलं, "नाहीत." सरांनी जरा कडक मराठीत लिहिलं की मी स्वतः, माझ्या डोळ्यांनी, आत्ता पाहिलं आहे. कार्यालयाने तेच तीन शब्द पुन्हा पाठवले. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कोणी खोटं पाडलं, तर त्याने काय करावं? सर इंजिनिअरांकडे गेले.

"तुमच्या यंत्रावर उघडतं ना?" इंजिनिअर म्हणाले. "त्यांच्यावर उघडत नाही ना? मग प्रश्न कुठे आहे? यंत्र घेऊन जा आणि दाखवा."

आता, सरांचं यंत्र म्हणजे काखेत मारून नेता येईल असलं काही नव्हतं. भलामोठा डबा, त्याहून मोठा पडदा, कळफलक, उंदीर आणि वायरींचा हा गुंता. जिना शंभर पायऱ्यांचा. लिफ्ट सुरू असती तर दोन मिनिटांत खाली गेलं असतं, पण लिफ्ट सुरू असती तर यंत्र खाली नेण्याचं कारणच नव्हतं. या मुद्द्यावर चौथ्या मजल्याच्या वळणावर सर आणि इंजिनिअर थोडा वेळ डबा टेकवून बोलले. पडद्याला आईची शाल गुंडाळली होती. दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई दारात आल्या आणि "अगं बाई, आजींना असं उचलून नेताय?" म्हणून किंचाळल्या. तळमजल्यावर अध्यक्ष आरामखुर्चीत पेपर वाचत होते. इमारतीचे अध्यक्ष तळमजल्यावर राहत असल्यामुळे लिफ्टच्या प्रश्नाकडे ते फार शांतपणे पाहत. "व्यायाम होतो हो," ते म्हणाले. "मी तर म्हणतो, लोकांची तब्येत सुधारलीय."

कार्यालयाच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"यंत्र आत न्यायला पास लागतो."

"कुठे मिळतो?"

"आत."

"मग मी आत जाऊन आणतो."

"जा की. यंत्र इथं बेवारस ठेवता येणार नाही."

इंजिनिअर गाडीवाल्याशी भाड्यावरून बोलत होते, ते येईपर्यंत सर शालीतला पडदा पोटाशी धरून उभे राहिले. येणारे-जाणारे वाट सोडून बाजूने जात होते. शेवटी आतला कारकूनच जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला. माणूस सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कागद या डब्यात आहेत, आणि तुम्ही आम्हाला पाठवलाय फक्त पत्ता."

"हो."

"पत्ता तुमच्या घरच्या कपाटाचा. कपाट घरात, घराला कुलूप. आम्ही इथून कितीही दाबलं तरी कसं उघडेल, सर?"

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण एवढ्या लांब आल्यावर उजेड पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते म्हणाले, "म्हणूनच कपाट घेऊन आलोय."

"आणलंत ते बरं केलंत. पण नोंदी आम्हाला पाच वर्षं जपाव्या लागतात. ठेवून जाताय का पाच वर्षं?"

यंत्र परत आलं. चढताना शंभर पायऱ्यांवर सरांनी अकरा वेळा बसकण मारली. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली, आणि जाताना कुठे चाललात हे विचारणाऱ्यांनी येताना काय झालं हे विचारलं. "उद्घाटन झालं का?" असंही एकाने विचारलं. रात्री जेवणं झाल्यावर बायकोने गरम पाण्याची पिशवी आणून त्यांच्या पाठीला लावली. सकाळी आठला ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता, आणि सरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"आई भांडत नाही आता," ताई म्हणाली. "सासूबाई म्हणतील ते हो म्हणते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. काल व्यायामालाही उठली नाही. म्हणते, चालून जायचंय कुठे?"

"मी आणतो तिला, ताई. काहीही करून आणतो," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच, आपल्याला सगळं येतं असा आव न आणता, ते दुसऱ्या मजल्यावर उतरले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगा."

डॉक्टरीणबाईंना उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसांशी बोलायची सवय होती, त्यामुळे त्या भराभर बोलत गेल्या. कागद आपल्या डब्यात ठेवायचेच नाहीत, इंटरनेटवर ठेवायचे. तिथे प्रत्येक कागदाला आपला पत्ता मिळतो, तो उचलायचा आणि शीटमध्ये चिकटवायचा. जगात कुठूनही उघडेल. सरांनी वहीत लिहून घेतलं. तीन संध्याकाळी जाऊन त्रेसष्ट कागद वर चढले, त्रेसष्ट पत्ते खाली उतरले. डॉक्टरीणबाई शिवाय असंही म्हणाल्या होत्या की शेवटी एक परवानगीचं बटण असतं ते बघा. पण नेमका तेव्हा त्यांचा पेशंट ओरडला आणि ते वाक्य वहीत आलं नाही. शीट गेली.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात वाळवंटं शिकवत असताना खिशात फोन वाजला. निरोप होता: एक व्यक्ती तुमची फाइल पाहण्याची परवानगी मागत आहे. व्यक्तीचं नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. आदल्याच आठवड्यात शाळेत एक पोलीस येऊन फोनवरच्या फसवणुकीबद्दल तासभर बोलून गेला होता. अनोळखी माणसाने काहीही मागितलं तरी एकच उत्तर, नाही. सरांनी "नाही" दाबलं. दोन मिनिटांनी पुन्हा निरोप. पुन्हा "नाही". वाळवंटं संपेपर्यंत पाच झाले, मधल्या सुट्टीपर्यंत अकरा. शिक्षकांच्या खोलीत सरांनी सगळ्यांना फोन दाखवला.

"बघा, कसा चिवट चोर आहे. पण मीही हटणारा नाही."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "नुसतं नाही म्हणून हे लोक ऐकत नाहीत. दम द्या."

सतराव्या वेळी सरांनी "नाही" दाबून शेजारच्या रकान्यात लिहिलं, "तुझा डाव ओळखला आहे. पुन्हा त्रास दिल्यास पोलिसांत देईन." निरोप थांबले. सरांची छाती फुगली. गेल्या महिन्याभरात कुठल्याही यंत्राने त्यांचं ऐकलं होतं ते हे पहिल्यांदा.

अर्ध्या तासाने फोन वाजला. एका अनोळखी बाईंचा आवाज होता, अगदी शांत.

"मी लिफ्ट निरीक्षक बोलतेय. तुम्ही मला पोलिसांत देणार आहात, असं कळलं."

सर उभे होते ते बसले. खुर्ची होती म्हणून बरं, पण ती आहे की नाही हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"सकाळपासून तुमचे कागद तपासायला बसले आहे," निरीक्षक बाई म्हणाल्या. "एकेक लिंक दाबते. प्रत्येक लिंक म्हणते, मालकाची परवानगी घ्या. मी मागते. मालक नाही म्हणतो. बावीस वर्षांच्या नोकरीत लोक माझ्याकडे परवानगी मागायला येतात. मी मागितलीय, आणि सतरा वेळा नकार मिळालाय, असं आजच झालं."

"बाई, मी... ते पोलीस आले होते शाळेत... मला वाटलं..." एका बाजूला शरम, दुसऱ्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडलेली आई. आता अर्ज फेटाळला की पुन्हा पहिल्यापासून सगळं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. "चूक माझी आहे. मला हे काहीच येत नाही. पण मेहरबानी करून फेटाळू नका."

"फोन बंद करू नका," त्या म्हणाल्या. " मी सांगते तसं करा." आणि त्यांनी ते बटण सांगितलं. सरांचं दोनदा बोट घसरलं. गणिताच्या बाई मान वाकडी करून पाहत होत्या, त्यांना सरांनी हाताने गप्प केलं. तिसऱ्यांदा बटण दाबलं गेलं. पलीकडून टक् असा आवाज आला.

"उघडलं," निरीक्षक बाई म्हणाल्या.

त्या एकेक कागद उघडत गेल्या आणि सर फोन कानाशी धरून टकटक मोजत राहिले. दहा. वीस. तिसाव्या कागदाला त्यांनी श्वास सोडला. चाळीस झाले आणि टकटक थांबली.

"नोंद एकेचाळीस. दोरांच्या तपासणीचा दाखला. बरोबर?"

"बरोबर."

"मला इथे गुडघा दिसतोय."

सरांनी कपाळावर हात मारला. एकाच यंत्रातून काढलेले कागद! "तो माझ्या आईचा एक्स-रे आहे, बाई. चुकून चिकटला. दाखला आहे माझ्याकडे, आत्ता पाठवतो, शपथ घेतो..."

"ऑपरेशन झालेलं दिसतंय."

"हो. चाळीस दिवस झाले."

"कितव्या मजल्यावर राहता?"

"पाचव्या."

"आई कुठे आहेत मग?"

सरांनी सांगितलं. ताई सांगितली, खोली सांगितली, खिडकी सांगितली, आणि आई आता व्यायामालाही उठत नाही हेही सांगितलं. एका सरकारी अधिकाऱ्याला हे सगळं सांगायचं कारण नव्हतं, पण सांगून झाल्यावर त्यांना बरं वाटलं.

"सवलत मी देऊ शकत नाही," निरीक्षक बाई म्हणाल्या. "दोरांचा दाखला लागणारच. तो दहा मिनिटांत आला आणि बाकीच्या नोंदी ठीक निघाल्या, तर शेवटची चाचणी पुढच्या सोमवारी घ्यायची ती आज चारला घेते."

बायकोने घरच्या डब्यातून दाखला शोधून सरांच्या फोनवर पाठवला, आणि सहा मिनिटांत तो पुढे गेला. लिंक सरांनी स्वतः जोडली, परवानगीचं बटण स्वतः दाबलं, आणि पाठवायच्या आधी गणिताच्या बाईंच्या फोनवर उघडून पाहिली. बाकीच्या बावीस नोंदी ठीक निघाल्या. सरांनी ताईला फोन केला आणि म्हणाले की आज चाचणी आहे, झालंच तर उद्या आईला आणू. ताईने "उद्या" हा शब्द ऐकलाच नाही.

चारला निरीक्षक बाईंनी सील तोडलं. रिकामी लिफ्ट वर-खाली केली, मग वजनं ठेवून केली, मध्येच थांबवून पाहिली, तळाशी उतरून टॉर्च मारला. सगळी इमारत जिन्यात उभी होती. अध्यक्षांनी खुर्ची बाहेर आणून ठेवली होती. इतक्यात फाटकाशी गाडी थांबली. ताईने आधी सुटकेस काढली, मग काठी, मग आई. आईने लिफ्टकडे पाहिलं, निरीक्षक बाईंकडे पाहिलं, आणि कोणालाही न विचारता काठी टेकत टेकत लिफ्टच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आई, थांब, अजून सही व्हायचीय," सर घाईने म्हणाले.

निरीक्षक बाईंनी हातातल्या तक्त्याकडे पाहिलं. "चाचणी पास झालीय. आता प्रवासी घेऊन एक फेरी राहिलीय. तुमची हरकत नसेल तर चला, आजी."

लिफ्टमध्ये आई, सर आणि निरीक्षक बाई. आईने एका हाताने काठी धरली होती आणि दुसऱ्या हाताने सरांचं मनगट. मजल्यांचे आकडे एकेक करून पेटत होते आणि ती ते तोंडातल्या तोंडात मोजत होती. सर छताकडे पाहत होते. त्यांना खाली पाहायचा धीर होत नव्हता.

पाचव्या मजल्यावर दार उघडलं. समोरच घराचं दार सताड उघडं होतं आणि त्यात सरांची बायको उभी होती. आत आईच्या खोलीची खिडकी दिसत होती, पुरती उघडी. आई जागची हलली नाही.

निरीक्षक बाईंनी तक्ता उघडला. "शेवटचा प्रश्न, आजी. लिफ्ट थांबताना धक्का जाणवला का?"

आईने पदराने डोळे पुसले.

"थांबली कधी तेच कळलं नाही हो," ती म्हणाली. "दार उघडलं आणि घर आलं."

निरीक्षक बाईंनी रकान्यात "नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली. बायकोने आईला हात देऊन आत नेलं. सर मात्र बाहेरच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. महिनाभरात त्या जिन्यावर ते कितीतरी वेळा बसले होते, पण दम न लागता बसण्याची ही पहिलीच वेळ होती.